माया शहरं हरवली नव्हती

दर सहा-आठ महिन्यांनी एक बातमी फिरत फिरत आपल्यापर्यंत येतेच, की घनदाट जंगलात हरवलेलं माया शहर सापडलं, आणि मग तोच जुना वाद नव्याने सुरू होतो. एक गट म्हणतो की बघा, एवढी प्रगत माणसं, एवढे पिरॅमिड, एवढं खगोलशास्त्र आणि अचानक सगळे गायब, म्हणजे परग्रहाशी काहीतरी संबंध असणारच. दुसरा गट चिडतो, म्हणतो कसले परग्रहवासी घेऊन बसलात, दुष्काळ पडला, आपसात लढाया झाल्या, संस्कृती संपली, जरा विज्ञान वाचा. मी कितीतरी वर्षं या दुसऱ्या गटाकडून भांडत आले. पण आता मला वाटतं की दोन्ही गट एकाच चुकीच्या गोष्टीवर उभे आहेत, ती म्हणजे माया लोक संपले. ते संपलेले नाहीत. ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत सुमारे ६२ लाख लोकांनी स्वतःची नोंद माया अशी केलीय, मेक्सिको, बेलीझ, होंडुरासमध्ये आहेत ते वेगळेच, आणि त्यांच्या जवळपास तीस भाषा आजही घराघरांत बोलल्या जातात. शहरंही हरवली नव्हती. आणि हे नुसतं शब्दावरून भांडण नाहीये. हरवलेली वस्तू ज्याला सापडेल त्याची होते. मालक कोणी नाही असं एकदा ठरलं की मग ती उचलून न्यायची का, तिला तिकीट लावायचं का, तिच्या शेजारून रेल्वे न्यायची का हे सगळं भलतेच लोक ठरवायला लागतात. माझं म्हणणं एवढंच आहे की या अवशेषांचं काय करायचं यात पहिला शब्द त्यांच्या सावलीत राहणाऱ्या गावांचा असला पाहिजे, आणि "हरवलेलं शहर" हा शब्द दोनशे वर्षं नेमका तोच हक्क काढून घेत आलाय.

२०२४ च्या ऑक्टोबरमधली व्हॅलेरियानाची बातमी आठवा. अमेरिकेतल्या टुलेन विद्यापीठातल्या एका संशोधकाला इंटरनेटवर पडून असलेला लिडारचा डेटा सापडला, जंगलात कार्बन किती साठलाय हे मोजायला २०१३ मध्ये कोणीतरी विमानातून लेझर सोडून तो गोळा केला होता, आणि त्यात मेक्सिकोच्या कांपेचे राज्यात ६,७६४ बांधकामं दिसली, त्यात पिरॅमिड असलेलं एक मोठं शहर. काम उत्तम आहे, याबद्दल माझं काही म्हणणंच नाही. पण मथळ्यांनी जे गाळलं ते त्या संशोधकानेच स्पष्ट सांगितलं होतं: हे शहर त्या भागातल्या हायवेला लागून आहे आणि लोक कितीतरी वर्षं या अवशेषांमध्ये शेती करतायत. मग हरवलं होतं ते कोणाचं? सरकारी नोंदीतून हरवलं असेल, विद्यापीठाच्या नकाशातून हरवलं असेल. त्या उंचवट्याला वळसा घालून रोज मक्याच्या शेतात जाणाऱ्या माणसाचं तर काहीच हरवलं नव्हतं. त्याआधी २०१६ मध्ये कॅनडातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने तारकासमूह नकाशावर ठेवून माया शहर शोधलं अशी बातमी जगभर गाजली होती, आपल्याकडेही फिरली. उपग्रहाच्या फोटोत एक हिरवा चौकोन दिसत होता. माया विषयातल्या जाणकारांनी बघितलं आणि सांगितलं की हा चौकोन जुन्या शेताचा दिसतोय. जग ज्याला हरवलेलं शहर म्हणत होतं ते बहुतेक कोणाचं तरी पडीक टाकलेलं शेत होतं!

मला स्वतःला हे सगळं कळलं ते मेक्सिकोतल्या चिचेन इत्झा या माया शहराच्या अवशेषांत. अमेरिकेत राहणारी आपली मंडळी कॅनकूनला जातात तेव्हा एक दिवस बसने तिथे जाऊन येतातच, तशीच मीही गेले होते. मोठ्या पिरॅमिडसमोर उभं राहून टाळी वाजवली की पायऱ्यांवरून प्रतिध्वनी पक्ष्याच्या चिरकण्यासारखा येतो, केत्साल पक्ष्याचा आवाज म्हणतात त्याला, आमच्या गाईडने ते करून दाखवलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, एवढं सगळं बांधणारे लोक गेले कुठे, हे कोडं अजून सुटलेलं नाही. आणि त्याच्या पाठीमागे वीस पावलांवर झाडाखाली मुखवटे आणि रुमाल मांडून बसलेल्या दोन बाया आपसात बोलत होत्या, स्पॅनिश नव्हे, मध्येच झटक्याने तुटणारे क आणि त असलेली भाषा. ती युकातेक माया होती. आमच्या ग्रुपमधल्या चाळीस जणांपैकी कोणालाही त्या दोन गोष्टी एकत्र जोडाव्याशा वाटल्या नाहीत, मलाही हॉटेलवर परत आल्यावरच लक्षात आलं, आणि फार लाज वाटली.

हा गैरसमज आपोआप झालेला नाही, तो कसा तयार झाला हे बघण्यासारखं आहे. १८३९ मध्ये जॉन लॉइड स्टीफन्स नावाचा अमेरिकन प्रवासी होंडुरासमधल्या कोपानला पोचला आणि ते अख्खं शहर त्याने ५० डॉलरला विकत घेतलं. स्टीफन्सबद्दल मला आदर आहे, कारण त्या काळात सगळे म्हणत होते की हे इजिप्तच्या लोकांनी बांधलं, इस्रायलच्या हरवलेल्या टोळ्यांनी बांधलं, अटलांटिसच्या लोकांनी बांधलं, आणि हा माणूस लिहून गेला की नाही, इथे जे लोक राहतात त्यांच्याच पूर्वजांनी बांधलंय. पण त्याच माणसाला ती शिल्पं न्यूयॉर्कला न्यायची होती. म्हणजे बांधलं कोणी हे त्याला कळलं, पण त्यावरून ते आहे कोणाचं हा पुढचा प्रश्न त्याला पडलाच नाही. मग १८९४ मध्ये एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकन माणसाने चिचेन इत्झाची हासिएंडा, म्हणजे मोठी जहागीर, विकत घेतली, तिच्याबरोबर अवशेषांची जमीनही आली, आणि तिथल्या पवित्र सेनोतेचा, म्हणजे जमीन खचून झालेल्या त्या प्रचंड नैसर्गिक विहिरीचा, तळ त्याने उपसला. सोनं, जेड, कोपाल धूप, माणसांची हाडं, त्यातलं कितीतरी हार्वर्डच्या पीबॉडी म्युझियमला गेलं. १९२६ मध्ये मेक्सिको सरकारने त्याची मालमत्ता जप्त केली, १९४४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने निकाल थॉम्पसनच्या बाजूने दिला, वारसांनी जमीन एका पर्यटन व्यावसायिकाला विकली. इमारती कायद्याने राष्ट्राच्या, पण खालची जमीन खासगी, असं २०१० पर्यंत चालू होतं! तेव्हा कुठे युकातान राज्य सरकारने २२ कोटी पेसो देऊन ती घेतली. या अख्ख्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या व्यवहारात शेजारच्या पिस्ते गावाला कोणी काही विचारल्याचं दिसतं का?

आणि शोध तरी कोणी लावला होता? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर ग्वाटेमालातल्या पेतेनच्या जंगलात चिक्लेरो फिरायचे, च्युइंगगमसाठी सापोदिया झाडाचा चीक काढणारे लोक, म्हणजे आपल्या चिकूचंच झाड. सिल्व्हेनस मॉर्ले या पुरातत्त्वज्ञाने जाहीर करून टाकलं होतं की जो चिक्लेरो नवीन कोरीव दगड दाखवेल त्याला २५ डॉलर. त्यातून १९१६ मध्ये वाशाक्तुन हे माया शहर नकाशावर आलं. बेलीझमधलं काराकोल १९३७ मध्ये रोसा माई नावाच्या लाकूडतोड्याने महोगनी शोधताना बघितलं. ग्वाटेमालातल्या टिकालला १८४८ मध्ये सरकारी मोहीम गेली त्यात आम्ब्रोसियो तुत हा स्थानिक माणूस होता. मेक्सिकोतल्या बोनाम्पाकच्या भित्तिचित्रांपर्यंत १९४६ मध्ये बाहेरच्यांना घेऊन गेले ते लाकांदोन, तिथल्या जंगलात राहणारे माया लोक, आणि हे लाकांदोन याशचिलान या जुन्या माया शहराच्या देवळांमध्ये तोपर्यंत धूप जाळत होते, म्हणजे ज्याला आपण भग्नावशेष म्हणतो तिथे पूजा चालू होती. आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. १८१९ मध्ये जॉन स्मिथने अजिंठा "शोधला" असं आपणही शाळेत पाठ केलंय, आणि त्याने दहाव्या लेण्यातल्या चित्रावर आपलं नाव कोरून ठेवलंय. खाली वाघुर नदीकाठी गुरं चारणाऱ्यांना वरच्या लेण्यांचा पत्ताच नव्हता असं कोणी मनापासून म्हणेल का?

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते कच्चे नाहीत, काही तर मला बराच काळ बरोबर वाटत होते.

पहिला, की शहरं खरंच ओस पडली होती. बरोबर. आठव्या-नवव्या शतकात दक्षिणेकडच्या सखल प्रदेशात राज्यांमागून राज्यं कोसळली, लाँग काउंट या माया कालगणनेतली दगडावर कोरलेली शेवटची तारीख मेक्सिकोतल्या तोनिनाला मिळते ती इसवी सन ९०९ ची. दुष्काळही होते, युद्धंही होती. पण राजधानी ओस पडणं आणि लोक नाहीसे होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोमची लोकसंख्या एके काळी दहा लाखांच्या घरात होती, मध्ययुगात ती काही हजारांवर आली, फोरममध्ये गुरं चरायची. इटालियन लोक गेले कुठे, हे न सुटलेलं कोडं आहे, असं कोणी टाळी वाजवून सांगतं का? मायांच्या बाबतीत तर उत्तरेला चिचेन इत्झा, मग मायापान अशी शहरं पुढेही नांदली, आणि इत्झा लोकांचं शेवटचं स्वतंत्र राज्य, पेतेनच्या तळ्यातल्या बेटावरचं नोहपेतेन, स्पॅनिशांनी घेतलं ते १३ मार्च १६९७ ला. त्या वर्षी राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते. इतकं अलीकडचं आहे हे!

दुसरा मुद्दा जास्त टोकदार आहे. म्हणतात की आजच्या माया शेतकऱ्याला ती लिपी वाचता येत नव्हती, राजांची नावं माहीत नव्हती, हे सगळं ज्ञान बाहेरच्या विद्वानांनी परत मिळवलं, मग हक्क कसला? यातला पहिला भाग खरा आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. लेनिनग्राडमध्ये बसून युरी क्नोरोझोवने १९५२ मध्ये दाखवलं की ही चिन्हं अक्षरांसारखी उच्चारता येतात. तात्याना प्रोस्कुर्याकोवाने १९६० मध्ये पिएद्रास नेग्रास या माया शहरातल्या शिलालेखांच्या तारखा मांडून सिद्ध केलं की शिलास्तंभांवर नुसते ग्रह-तारे नाहीत, राजांचे जन्म आणि राज्यारोहणं आहेत. हे काम झालं नसतं तर पालेंकेच्या पाकाल राजाच्या शवपेटीचं झाकण आजही लोक अंतराळयान समजत बसले असते, काही जण अजून समजतात म्हणा. पण लिपी विसरली कशी गेली? १२ जुलै १५६२ ला मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्र्याने माया पुस्तकांची होळी केली, आणि ती जळताना लोकांना किती दुःख झालं हे त्यानेच लिहून ठेवलंय. आज जगात खात्रीची चार माया पुस्तकं उरलीत. चार! एखाद्याचं ग्रंथालय जाळायचं, लिहिणाऱ्यांना शिक्षा करायची आणि पिढ्या उलटल्यावर त्याच्या वंशजांना म्हणायचं की तुम्हाला तुमचंच वाचता येत नाही, म्हणून हे तुमचं नाही, हा कुठला न्याय? आणि क्नोरोझोवला किल्ली मिळाली ती त्याच लांदाने माया लोकांबद्दल लिहून ठेवलेल्या वहीतून, त्या वहीतली चिन्हं लांदाला काढून दाखवणारे माया लोकच होते. पुढची उकल झाली तीही भाषा जिवंत होत्या म्हणून. दगडावर "बालाम" लिहिलंय म्हणजे जॅग्वार, हे कळतं कारण तो शब्द आजही बोलला जातो. डोंगराला "वित्झ", दिवसाला आणि सूर्याला "किन". १९८० च्या दशकाच्या शेवटी लिंडा शीले आणि निकोलाय ग्रुबे यांनी ग्वाटेमालात माया लोकांसाठीच लिपीच्या कार्यशाळा सुरू केल्या, आणि तेव्हापासून शिकणारे आणि शिकवणारे दोन्ही बाजूंना माया आहेत. म्हणजे ज्ञान बाहेरून आलं हे अर्धंच खरं, ते दोघांकडून मिळून आलंय.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात अवघड वाटतो. "माया" असा एकच समाज कधी नव्हताच. किचे, काकचिकेल, केक्ची, माम, त्सोत्सिल, हे वेगवेगळे लोक, वेगवेगळ्या भाषा, ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या किचे बाईचा चिचेन इत्झाशी काय संबंध? आणि युकातानमधले बरेच माया बोलणारे लोक स्वतःला "माया" म्हणवून घेत नाहीत, तो शब्द त्यांना पुस्तकी वाटतो. बहुतेक जण आज ख्रिश्चन आहेत. हे सगळं मान्य. म्हणूनच मी म्हणते आहे की गावांचा शब्द, "माया वंशाचा" नाही. रक्त तपासून हक्क वाटायचे असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण हीच कसोटी बाकी कोणाला लावतो का आपण? आजचा ग्रीक माणूस झ्यूसची पूजा करत नाही, म्हणून अथेन्सच्या पार्थेनॉनवर त्याचा काही अधिकार नाही असं म्हणणारा अजून मला भेटलेला नाही. जो बदलला त्याचा हक्क गेला, ही अट फक्त हरलेल्यांनाच घातली जाते.

चौथा मुद्दा असा, की स्थानिक लोकच लूट करतात. करतात, खोटं नाही. पेतेनमधल्या कितीतरी टेकाडांमध्ये चोरट्यांनी खणलेले बोगदे आहेत आणि ते खणणारे हात बहुतेक वेळा जवळपासच्याच गरीब माणसाचे असतात. २०१३ मध्ये बेलीझमध्ये नोहमुलचं मुख्य मंदिर रस्त्याच्या भरावाला खडी हवी म्हणून बुलडोझरने जवळजवळ सगळं खाऊन टाकलं. पण तो बुलडोझर गावकऱ्याचा नव्हता, बांधकाम कंत्राटदाराचा होता. आणि १९६० च्या दशकात शिलास्तंभ करवतीने कापून विकले गेले ते कोणाच्या दिवाणखान्यासाठी? ग्वाटेमालातल्या माचाकिलाचा एक शिलास्तंभ अमेरिकेत विकायला काढला गेला आणि १९७३ मध्ये तिथल्याच कोर्टात डीलरला दोषी ठरवलं गेलं. याच्या उलट उदाहरण बघा. बेलीझच्या सांता क्रुझ गावाच्या हद्दीत उशबेंका नावाचे अवशेष आहेत. २०१५ मध्ये बाहेरचा एक माणूस गावाची परवानगी न घेता त्या जागेवर घर बांधायला लागला, गावाने सांगून बघितलं, ऐकेना, मग सभा घेऊन त्याला अडवलं. त्याआधी दोनच महिने कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिसने, म्हणजे बेलीझसाठी शेवटच्या अपिलाच्या कोर्टाने, त्या भागातल्या माया गावांचे जमिनीवरचे पारंपरिक हक्क मान्य केले होते. तरी पोलीस पहाटे आले ते गावकऱ्यांनाच पकडायला. खटला पुढे टिकला नाही, पण अवशेष वाचवणारे कोण होते आणि बेड्या कोणाला पडल्या हे लक्षात ठेवायला हवं.

पाचवा, हा वारसा सगळ्या मानवजातीचा आहे. ऐकायला छान वाटतं आणि मलाही मनापासून पटतं, पण मानवजातीच्या नावाने निर्णय घ्यायला प्रत्यक्षात बसतं कोण? चिचेन इत्झाच्या पायऱ्यांवर चढायला बंदी आहे, २००६ मध्ये एक वृद्ध पर्यटक महिला पडून वारल्या तेव्हापासूनची, आणि दर वर्षी कोणीतरी चढतो, खालचा जमाव आरडाओरडा करतो, व्हिडिओ फिरतो, मग चढू द्यावं की नाही यावर आठवडाभर चर्चा. बंदी योग्यच आहे. चुनखडीच्या पायऱ्या लाखो बुटांनी गुळगुळीत होतात, वर्षाला वीस लाखांहून जास्त माणसं येतात तिथे. २१ डिसेंबर २०१२ ला "माया कॅलेंडरनुसार जग संपणार" म्हणून टिकालला जी झुंबड उडाली तेव्हा लोक दुसऱ्या क्रमांकाच्या मंदिरावर चढले आणि त्याचं नुकसान झालं, आपल्याकडच्या चॅनलवाल्यांनीही तेव्हा महिनाभर तेच दळण दळलं होतं. पण त्याच वेळी ग्वाटेमालातल्या माया संघटना सांगत होत्या की आमच्या कालगणनेचा तमाशा करू नका, हा एका काळाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात आहे. ते कोणी दाखवलं? चढावं की नाही एवढ्यावर आपण थांबतो आणि तिकिटाचे पैसे कुठे जातात, पूजा करायला आत सोडतात का, विकायला बसलेल्या बाईला उद्या उठवणार कोण, इथवर जातच नाही.

सरकारांना मेलेले माया फार आवडतात. ग्वाटेमालाचं चलनही केत्साल, आणि त्याच्या अर्ध्याच्या जुन्या नोटेवर टिकालचं मंदिर होतं. त्याच देशात १९६० ते १९९६ च्या यादवीत अंदाजे २ लाख माणसं मारली किंवा नाहीशी केली गेली, आणि ज्यांची ओळख पटली त्यातले ८३ टक्के माया होते, हे संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये सांगितलंय. मेक्सिकोत २००८ मध्ये चिन्कुल्तिकच्या अवशेषांचा ताबा शेजारच्या मिगेल इदाल्गो गावातल्या लोकांनी घेतला, देखभाल नीट होत नाही, आम्ही करतो म्हणाले. ३ ऑक्टोबरला पोलीस घुसले आणि सहा गावकरी मेले. माया शहराच्या दारात, प्रवेश फी कोणी गोळा करायची यावरून. आणि २०१९ मध्ये त्रेन माया या दीड हजार किलोमीटरच्या रेल्वेसाठी गावांची मतं घेतली गेली तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने नोंदवलं की लोकांना फायदेच सांगितले गेले, परिणाम सांगितले नाहीत. काही गावांना रेल्वे हवी होती, हेही खरं आहे, नोकरी कोणाला नको असते. पण हो म्हणायचा अधिकार तेव्हाच अधिकार असतो जेव्हा नाही म्हणता येतं.

गावाच्या हातात दिलं तर सगळं बिघडेल ही भीती घालणाऱ्यांनी पेतेनकडे बघावं. १९९० मध्ये तिथे माया बायोस्फिअर राखीव जंगल जाहीर झालं आणि पुढे काही गावांना जंगलाचे भाग करारावर सांभाळायला दिले, त्यात वाशाक्तुन आणि कार्मेलिता ही चिक्लेरोंची जुनी गावं. तिथले सगळे स्वतःला माया म्हणवत नाहीत, मिश्र वस्ती आहे. पण या गावांकडच्या जंगलात तोड अत्यंत कमी झाली आणि राखीव जंगलाच्या पश्चिमेकडच्या कडक संरक्षित उद्यानांमध्ये गुरांची कुरणं घुसली. जवळच एल मिराडोर आहे, ख्रिस्तपूर्व काळातलं प्रचंड शहर, तिथे छोटी रेल्वे आणि हॉटेलं आणायची योजना बाहेरून आली तेव्हा या गावांनी विरोध केला. आजही बहुतेकांना एल मिराडोरला जायचं तर कार्मेलिताहून चालत जावं लागतं, दोन दिवस चिखल आणि डास, खेचरांवर पाणी आणि तंबू, आणि पुढे गावच्या सहकारी संस्थेचा वाटाड्या. त्याला ती वाट पाठ असते. गावातल्या मागच्या पिढ्या चीक काढायला याच जंगलात जायच्या, आणि ती शहरं त्यांच्या वाटेवर होती.